लाव्हाच्या दगडावरून जमीन किती वळली ते कसं कळतं? गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात दगड म्हटला की आधी चिरा (जांभा, म्हणजेच लॅटेराइट) आठवतो, मग खाणीतलं खनिज. काळ्या कातळाकडे फारसं कुणी बघत नाही. पण किनाऱ्यावरच्या खडपांतून आणि सत्तरीच्या घाटात दिसणाऱ्या या काळ्या दगडाने आपला देश विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून इथवर कसा आला आणि येताना किती वळला, याची नोंद जपून ठेवली आहे. ती नोंद कशी वाचतात यावर विद्यार्थी, शिक्षक आणि डोंगर भटकणारी मंडळी जे प्रश्न वारंवार विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. गणित जेवढ्यास तेवढंच आहे.

दगडाला दिशा ‘आठवते’ म्हणजे नेमकं काय होतं?

बेसॉल्टचा, म्हणजे या काळ्या कातळाचा, लाव्हा बाहेर पडतो तेव्हा त्याचं तापमान सुमारे ११०० ते १२०० अंश सेल्सिअस असतं. तो थिजताना त्यात मॅग्नेटाइटसारख्या लोहयुक्त खनिजांचे बारीक कण तयार होतात. या तापमानाला ते कण चुंबकीय नसतात. शुद्ध मॅग्नेटाइट सुमारे ५८० अंशांच्या खाली आल्यावरच चुंबकीय होतो. यालाच त्याचं क्युरी तापमान म्हणतात. हेमॅटाइटचं हे तापमान सुमारे ६७५ ते ६८० अंश आहे, आणि मॅग्नेटाइटमध्ये टायटॅनियम मिसळलेलं असेल तर ते बरंच खाली येतं.

दगड या तापमानाखाली निवत जातो तेव्हा कणांच्या आतलं चुंबकत्व पृथ्वीच्या त्या क्षणीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेकडे झुकतं आणि आणखी निवल्यावर तिथेच जखडून जातं. कण जागचा हलत नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. पुष्कळ मुलांच्या मनात चित्र असतं ते पातळ लाव्हात छोट्या सुया फिरून उत्तरेकडे तोंड करतात असं. तसं होत नाही. ५८० अंशांना दगड कधीच घट्ट झालेला असतो. दिशा धरतं ते कणाच्या आतलं चुंबकत्व.

दगड पुन्हा तापला नाही आणि त्याच्या खनिजांत रासायनिक बदल झाला नाही, तर ही दिशा कोट्यवधी वर्षं टिकते.

त्या दिशेतून मिळतं काय?

दोन कोन. पहिला दिक्पात: दगडातली दिशा आजच्या भौगोलिक उत्तरेपासून किती अंश बाजूला आहे. दुसरा नती: ती क्षितिजाच्या किती खाली किंवा वर झुकली आहे.

नतीवरून अक्षांश काढता येतो. पुरेशा मोठ्या काळाची सरासरी घेतली की पृथ्वीचं क्षेत्र अक्षाशी जुळलेल्या एका साध्या दांडी-चुंबकासारखं वागतं, आणि अशा क्षेत्रात नतीचा टॅन्जंट हा अक्षांशाच्या टॅन्जंटच्या दुप्पट असतो. विषुववृत्तावर नती शून्य, ध्रुवावर ९० अंश. पणजीचा अक्षांश साधारण साडेपंधरा अंश उत्तर धरला तर अपेक्षित नती २९ अंश, खाली झुकलेली. विषुववृत्ताच्या दक्षिणेला हीच नती वर जाते.

रेखांश मात्र या पद्धतीने मिळत नाही. दांडी-चुंबकाचं क्षेत्र अक्षाभोवती सगळीकडे सारखं असतं, त्यामुळे दगड पूर्वेला थिजला की पश्चिमेला, याचा त्यात काहीच मागमूस नसतो.

मग वळण कशावरून ओळखायचं?

दिक्पातावरून. दगड थिजला तेव्हा सरासरी उत्तर म्हणजे खरी उत्तरच होती. नंतर त्याच्याखालची जमीन घड्याळाच्या उलट दिशेने २५ अंश वळली, तर दगडातला बाणही तिच्याबरोबर वळतो आणि आज उत्तरेच्या पश्चिमेला २५ अंश, म्हणजे ३३५ अंशांवर दिसतो.

पोळपाटावर पोळी लाटताना ती पुढे सरकते आणि त्याच वेळी थोडी वळतेही. पृथ्वीच्या कवचाचे जे मोठे सरकते तुकडे असतात, त्या प्लेटचं तसंच असतं. नती पुढे सरकणं सांगते, दिक्पात वळणं सांगतो. दोन्ही एकाच दगडात मिळतात, हे या पद्धतीचं मोठेपण.

पण इथे थांबलं तर अर्धवट उत्तर मिळतं. आपल्याला सहसा विचारायचं असतं ते असं: हा एवढाच तुकडा प्लेटच्या बाकी भागापेक्षा वेगळा वळला आहे का? त्यासाठी आधी प्लेटच्या स्थिर भागातल्या त्याच वयाच्या दगडांवरून एक संदर्भ ध्रुव लागतो, म्हणजे त्या दगडांतल्या दिशांवरून आजच्या नकाशावर जिथे ध्रुव असल्यासारखा दिसतो ती जागा. त्या ध्रुवावरून आपल्या जागेचा अपेक्षित दिक्पात काढायचा, मोजलेल्या दिक्पातातून तो वजा करायचा, आणि जे उरेल ते त्या तुकड्याचं स्वतःचं वळण.

गोव्यापुरता हिशेब करून बघू. दख्खनच्या बेसॉल्टवरून काढलेला ध्रुव सुमारे ३७ अंश उत्तर, २८१ अंश पूर्व इथे येतो. तो धरला तर गोव्यातल्या त्याच वयाच्या दगडात दिक्पात ३३५ च्या आसपास आणि नती ५० अंशांच्या आसपास, वर झुकलेली, अशी अपेक्षा आहे. आता समजा, कुणाला एका जागी ३२० मिळाले. म्हणजे १५ अंशांचं जादा वळण? घाई नको. मोजमापाचा विश्वास-कोन (खरी दिशा बहुधा ज्याच्या आत असते तो कोन) ८ अंशांचा असेल तर ५० अंशांच्या नतीला तो दिक्पातात साडेबारा अंशांच्या घरात जातो, कारण बाण जितका उभा तितकी त्याची आडवी दिशा अनिश्चित. संदर्भ ध्रुवाची स्वतःची अनिश्चितता त्यात वेगळी मिळवायची. मग १५ अंशांचं ‘वळण’ जेमतेम त्रुटीच्या काठावर उभं राहतं. या विषयातले निष्कर्ष वाचताना आकड्यापुढचं ± आधी बघावं, आकडा नंतर.

गोव्यात असे दगड आहेत कुठे?

गोव्याचा बहुतेक भाग दख्खनच्या लाव्हाचा नाही. इथले मुख्य दगड फार जुने, धारवाड गटाच्या काळातले: शिस्ट, फिलाइट, ग्रेवॅक, लोहयुक्त पट्टेदार खडक. अनमोड घाटातले नाइस तर ३०० कोटी वर्षांहून जुने आहेत. दख्खनचा बेसॉल्ट सापडतो तो ईशान्य टोकाला, सत्तरीच्या घाटमाथ्यालगत. तिथून पुढे तो महाराष्ट्रात पसरत जातो.

पण आपल्या कामाची आणखी एक गोष्ट गोव्यात आहे: डाइक. जुन्या खडकाला उभी भेग पडते, तिच्यातून खालचा मॅग्मा वर येतो आणि तिथेच थिजून काळ्या भिंतीसारखा उभा राहतो. किनाऱ्यावरच्या खडपांत आजूबाजूच्या करड्या, पातळ पापुद्र्यांच्या दगडाला आडवी छेदून जाणारी काळी, घट्ट, सरळ कडांची पट्टी दिसली की ती बहुधा डाइक असते. जवळ जाऊन बघा: कडेला दगड अगदी बारीक कणांचा असतो, कारण तिथे तो थंड भिंतीला लागून पटकन निवला, मध्यभागी कण डोळ्यांना दिसतील इतके मोठे होतात. कडेचे बारीक कण चुंबकीय दिशा जास्त घट्ट धरतात, म्हणून नमुना घेणारा माणूस आधी कड शोधतो.

गोव्यातल्या दख्खन प्रकारच्या डाइकचं आर्गॉन पद्धतीने काढलेलं एक वय सुमारे ६.२८ कोटी वर्षं आलं. ते २००० साली प्रसिद्ध झालं. दख्खनचा मुख्य उद्रेक साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे हे डाइक त्यानंतरचे. सेशेल्सचा भूखंड भारताच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुटत होता त्या सुमाराचे. किनाऱ्यावरचा काळा पट्टा बघताना समोरच्या अरबी समुद्राचा हा भाग तेव्हा नुकता उघडत होता, हे ध्यानात असू द्यावं.

गोव्यातले जुने लाव्हा का वापरत नाहीत? तेही ज्वालामुखीचेच ना?

धारवाड गटात जुने बेसॉल्ट आहेत, पण पुढे दाबाखाली आणि उष्णतेने त्यांचं रूपांतर झालं. मूळ खनिजं जाऊन क्लोराइट, अँफिबोल आली. दिशा पुसली गेली किंवा नव्याने लिहिली गेली. मिळणारं उत्तर रूपांतराच्या काळाचं असतं, लाव्हाच्या काळाचं नाही. शिवाय तो थर मुळात आडवा कसा होता हे ठरवणंही घड्या पडलेल्या खडकात अवघड.

चिऱ्यात लोह भरपूर असतं. खाणीतलं खनिज तर लोहचुंबकाला चिकटतं. मग तेच का घेऊ नये?

हा प्रश्न डिचोली, सांगे भागातून हमखास येतो, आणि प्रश्न रास्त आहे. पण चुंबकत्व जास्त असणं आणि दिशा टिकून असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मॅग्नेटाइटचा कण मोठा असला की त्याच्या आत वेगवेगळ्या दिशांचे विभाग पडतात आणि त्यांच्या सीमा सहज सरकतात. असा कण आजच्या क्षेत्रानुसार आपली दिशा बदलत राहतो. उलट मायक्रोमीटरच्या दहाव्या भागाहून लहान कणात एकच विभाग मावतो. त्याची दिशा उलटवायला फार ऊर्जा लागते. असे सूक्ष्म कण बेसॉल्टमध्ये भरपूर असतात. ते दुबळे दिसतात, पण कोट्यवधी वर्षं टिकतात.

चिऱ्याचं कारण वेगळं. मूळ दगड पाऊस आणि उष्णतेत कुजून त्याचा चिरा झाला. त्या प्रक्रियेत गोथाइट, हेमॅटाइट अशी नवी खनिजं तयार झाली आणि ती तयार होताना त्यांनी त्या काळची दिशा धरली. चिऱ्यातली नोंद म्हणजे हवामानाने दगड कुजवला त्या काळाची नोंद. ती वाचून लॅटेराइटच्या वयाचा अंदाज बांधण्याचे प्रयत्न भारतात झाले आहेत आणि ते मोलाचे आहेत. पण ६ कोटी वर्षांपूर्वीचं वळण विचारायला चिरा उपयोगी नाही.

नमुना कसा घेतात?

आधी दगड जागेवरचा, पायथ्याशी धरलेला आहे याची खात्री करतात. सुटा धोंडा, कितीही सुंदर असो, बाद. तो घरंगळताना कोणत्या कुशीवर वळला ते कुणालाच माहीत नसतं.

मग पेट्रोलवर चालणारं हातातलं ड्रिल. त्याच्या टोकाला हिऱ्याचे कण बसवलेली पोकळ नळी असते, आणि दुसरा माणूस पंपाने पाणी सोडत राहतो, म्हणजे नळी तापत नाही. पाणी काळं-राखाडी होऊन वाहतं. काही मिनिटांत अडीच सेंटिमीटर जाडीची आणि बोटाहून लांब अशी दगडाची कांडी मोकळी होते, पण ती लगेच काढायची नसते. ती भोकात उभी असतानाच तिच्यावर फटीची पितळी नळी बसवून नळीवरच्या तबकडीने दोन गोष्टी मोजतात: कांडी क्षितिजाशी किती कोनात आहे आणि तिचा रोख कुठे आहे. नळीच्या फटीतून पितळी तारेने कांडीच्या अंगावर रेघ ओढतात. मग कांडी काढून रेघेवर बाणाच्या खुणा करतात, क्रमांक लिहितात. रेघ चुकली तर पुढचं सगळं चुकतं. प्रयोगशाळेत लाखो रुपयांचं यंत्र असलं तरी ती रेघ सुधारता येत नाही.

खडपांवरच्या डाइकसाठी ओहोटीची वेळ गाठावी लागते आणि गोडं पाणी सोबत न्यावं लागतं. खाऱ्या पाण्याने पंप आणि ड्रिल दोन्ही लवकर गंजतात.

रोख होकायंत्राने मोजत असाल, पण दगडच चुंबकीय असेल तर?

बरोबर शंका. बेसॉल्टजवळ काटा काही अंशांनी सहज फसतो, आणि वीज पडलेल्या जागी तर गरगर फिरतो. म्हणून सूर्य-होकायंत्र वापरतात. तबकडीच्या मध्यावर एक उभी काडी असते, तिची सावली किती अंशांवर पडली ते आणि घड्याळातली वेळ लिहून ठेवायची. त्या जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ यांवरून सूर्याचा रोख तंतोतंत निघतो, आणि त्यावरून कांडीचा.

गोव्यात याच्या दोन अडचणी आहेत. पावसाळ्यात सूर्यच नसतो, म्हणून काम साधारण ऑक्टोबरनंतर. दुसरी अडचण बाहेरून येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही: मे महिन्याच्या सुरुवातीला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, काडीची सावली नाहीशी होते आणि रोख काढताच येत नाही. त्या दिवसांत सकाळी लवकर किंवा चारनंतर मोजावं.

फोनमधलं होकायंत्र चालेल?

नाही. फोनमधला संवेदक दगडाच्या आणि फोनमधल्याच स्पीकरच्या चुंबकाने फसतो. जागेचे अक्षांश-रेखांश घ्यायला फोन उत्तम.

वीज पडण्याचा एवढा काय संबंध?

वीज जमिनीत शिरते तेव्हा हजारो अँपिअरचा प्रवाह क्षणभर वाहतो आणि भोवतालच्या दगडाला जबरदस्त नवं चुंबकत्व देतो. उघडे कडे, माथे, एकट्या टेकड्या यांवरचे नमुने यामुळे वाया जातात. चोर्ल्यासारख्या घाटात वळवाच्या दिवसांत विजा किती पडतात हे तिथून ये-जा करणाऱ्यांना सांगायला नको. म्हणून माथ्यावरच्या ऐटदार सुळक्यापेक्षा रस्त्यासाठी कापलेली दरड किंवा जुनी दगडखाण बरी.

प्रयोगशाळेत काय करतात?

कांडीचे साधारण २.२ सेंटिमीटर लांबीचे तुकडे करतात. मग खरं काम: नंतर चढलेली चुंबकत्वाची पुटं उतरवणं.

दगड कोट्यवधी वर्षं आजच्यासारख्या क्षेत्रात पडून असतो. त्यातले कमकुवत कण आजची दिशा धरतात. त्यामुळे पहिलं मोजमाप बहुतेक वेळा मिसळलेलं येतं. ते वेगळं करण्याचे दोन मार्ग. एक, तुकडा चुंबकीय क्षेत्र नसलेल्या भट्टीत १०० अंशांना तापवायचा, निववायचा, मोजायचा. मग २००, ३००, असं करत ५८० च्या वर. दुसरा, त्याला उलटसुलट बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात ठेवून ते क्षेत्र हळूहळू शून्यावर आणायचं. दर खेपेला आधीपेक्षा जोरदार क्षेत्र, साधारण १०० मिलिटेस्लापर्यंत. प्रत्येक टप्प्यावर काही कण आपली दिशा सोडतात. उरलेल्यांची दिशा मोजत जायचं.

सह्याद्रीतल्या दख्खन बेसॉल्टच्या जाड भागात हे फार सुंदर दिसतं. तिथली मूळ दिशा बहुधा उलट्या ध्रुवकाळातली (पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव आजच्या उलट होते तेव्हाची), म्हणजे दक्षिण-आग्नेयेकडे आणि खाली झुकलेली. वर चढलेलं पूट आजचं, उत्तरेकडे आणि किंचित खाली. आलेखावर सुरुवातीचे बिंदू एका रेषेत सरकत जातात, २०० ते ३०० अंशांच्या आसपास रेषा अचानक मोडते, आणि तिथून पुढचे बिंदू सरळ आरंभबिंदूकडे जातात. ती दुसरी रेषा म्हणजे मूळ दिशा. ती आरंभबिंदूकडे न जाता बाजूने निसटली, तर त्या तुकड्यात अजून काहीतरी लपलेलं आहे आणि त्यावर विश्वास ठेवू नये.

एका चांगल्या दगडावरून वळण सांगता येईल?

नाही, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात मोठी गफलत इथेच होते.

लाव्हाचा एक थर काही दिवसांत ते काही वर्षांत निवतो. त्याने पकडलेली दिशा म्हणजे त्या एका क्षणाची. पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव तर सतत भटकतो. शे-दोनशे वर्षांत दिशा दहा-पंधरा अंशांनी सहज हलते. एका थरात २० अंशांचा फरक आला तर तो जमिनीच्या वळण्याने आला की ध्रुवाच्या भटकण्याने, हे सांगता येत नाही. हजारो वर्षांच्या काळात पसरलेले वेगवेगळे थर किंवा वेगवेगळे डाइक घेऊन सरासरी काढली की भटकणं एकमेकांना मारून जातं आणि ध्रुव खऱ्या उत्तरेवर येतो. एकाच थरातून ५० कांड्या काढल्या म्हणजे ५० साक्षीदार झाले असं नाही. तो एकच साक्षीदार ५० वेळा विचारला.

गोलावरच्या दिशांची सरासरी आणि तिचा विश्वास-कोन काढायची रीत सर रोनाल्ड फिशर यांनी १९५३ साली मांडली, तीही दगडांच्या चुंबकत्वाच्या प्रश्नासाठीच. आजही जगभर तीच वापरतात. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेशी फिशर यांचा जवळचा संबंध होता, हे इथल्या संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कळायला हवं.

पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटतात म्हणे. मग हिशेब बिघडत नाही?

उलट, मदत होते. १९०६ साली बर्नार ब्र्यून यांनी फ्रान्समधल्या लाव्हात आणि त्याच्याखाली भाजून निघालेल्या चिकणमातीत उलटी दिशा दाखवली. पुढे १९२९ मध्ये जपानचे मोतोनोरी मातुयामा यांनी ही उलटापालट काळानुसार घडत गेल्याचं मांडलं. शेवटची उलथापालथ सुमारे पावणेआठ लाख वर्षांपूर्वी झाली.

एकाच भागात सुलट आणि उलट अशा दोन्ही दिशा मिळाल्या आणि त्या एकमेकींपासून बरोबर १८० अंशांवर असल्या, तर पुटं नीट उतरली याची ती पक्की पावती. १८० च्या ऐवजी १५० आल्या तर काहीतरी राहून गेलं. दख्खनमध्ये सुलट-उलट-सुलट असा क्रम मिळतो आणि मधला उलटा काळ सगळ्यात जाड थरांचा आहे.

थरच कललेला असेल तर?

तर आधी तो मनाने आडवा करून घ्यावा लागतो. लाव्हाचा थर मुळात जवळजवळ आडवा असतो, हे गृहीत धरून कलाइतकी दिशाही फिरवतात. ठाणे-रायगडकडे पनवेलच्या वाकाच्या पश्चिमेला बेसॉल्टचे थर समुद्राकडे झुकले आहेत. तिथले नमुने कल न काढता वापरले तर खोटं वळण आणि खोटा अक्षांश दोन्ही मिळतात.

डाइकची अडचण इथेच आहे. उभी भिंत नेमकी किती उभी होती, हे तिच्यावरून कळत नाही. म्हणून आजूबाजूला त्याच काळाचा थर मिळतो का ते बघतात, किंवा एकमेकींशी वेगवेगळ्या दिशांनी जाणाऱ्या अनेक डाइक ताडून बघतात. गोव्यात थर कमी आणि डाइक जास्त, त्यामुळे इथे काम करणाऱ्याला हे टाळता येत नाही.

भारत खरोखर वळला आहे? किती?

हो. दख्खनचा बेसॉल्ट थिजल्यापासून भारत घड्याळाच्या उलट दिशेने सुमारे २५ अंश वळला आहे. आणि सरकला कितीतरी जास्त: गोव्याची जागा तेव्हा सुमारे ३० अंश दक्षिणेला होती, आज १५ अंश उत्तरेला आहे. ४५ अंश म्हणजे ढोबळमानाने ५००० किलोमीटर. साडेसहा कोटी वर्षांत सरासरी काढली तर वर्षाला सात-आठ सेंटिमीटर. पण वेग सारखा नव्हता. सुरुवातीला तो याच्या दुपटीच्या घरात होता आणि आशियाला धडकल्यावर मंदावला.

या शोधात आपल्याच दगडाचा वाटा मोठा. १९५६ साली क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी लंडनमधून दख्खनच्या बेसॉल्टची मोजमापं प्रसिद्ध केली आणि भारत दक्षिण गोलार्धातून आला असा निष्कर्ष काढला. खंड सरकतात ही कल्पना तेव्हा बहुतेक भूवैज्ञानिकांना मान्य नव्हती. प्लेट टेक्टॉनिक्सचा सिद्धांत त्यानंतर दहाएक वर्षांनी उभा राहिला. सह्याद्रीच्या काळ्या दगडाने त्याच्या बाजूने आधीच साक्ष दिली होती.

गोवा बाकीच्या भारतापेक्षा वेगळा वळला असेल का?

दख्खनच्या दूरदूरच्या भागांतल्या थरांवरून ध्रुव काढला तर ते एकमेकांशी जुळतात. म्हणजे द्वीपकल्प अखंड ठोकळ्यासारखा वळला, तुकड्यातुकड्याने नाही. गोवा त्याच ठोकळ्याच्या पश्चिम कडेला आहे. त्यामुळे इथल्या दख्खन काळाच्या डाइकमधून ३३५ च्या आसपासचा दिक्पात येणं हे अपेक्षित उत्तर. न जुळणारं उत्तर आलं तर आधी विचारावं: डाइक खरंच त्या वयाची आहे का? कारण गोव्यात वेगवेगळ्या काळांच्या डाइक आहेत आणि डोळ्यांना त्या सारख्याच काळ्या दिसतात. वय ठाऊक नसलेल्या डाइकवरून वळण सांगू नये, एवढा आग्रह मी धरेन.

दक्षिणेला आणखी असे दगड आहेत?

आहेत. मालपेसमोरची सेंट मेरी बेटं. तिथले खांबांसारखे उभे ज्वालामुखी दगड सुमारे ८.५ ते ९.३ कोटी वर्षांचे, म्हणजे दख्खनच्या आधीचे. मादागास्कर भारतापासून सुटलं त्या घडामोडीशी त्यांचं नातं आहे, आणि दोन भूखंड मुळात कसे जोडलेले होते हे बसवून बघायला तिथलं चुंबकत्व वापरलं गेलं. सहलीला जाऊन फक्त खांबांसमोर फोटो काढून परत येऊ नका. तिथल्या दगडाचा पोत जवळून बघा.

जगात मोठी वळणं कुठे सापडली?

गोव्यात इतिहास शिकलेल्या कुणालाही पोर्तुगालबद्दल कुतूहल असतं, म्हणून तिथून सुरुवात. पोर्तुगाल आणि स्पेनचा मिळून झालेला आयबेरियाचा तुकडा क्रिटेशस काळात (सुमारे १४.५ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी) घड्याळाच्या उलट सुमारे ३५ अंश वळला आणि त्याच्या मागे बिस्केचा उपसागर उघडला. त्या काळाच्या आधीच्या आणि नंतरच्या दगडांतले दिक्पात ताडून हे ठरलं. लिस्बनच्या परिसरातले ज्वालामुखी दगड या ताळ्यात उपयोगी पडले.

कॉर्सिका आणि सार्डिनिया ही बेटं दक्षिण फ्रान्सपासून सुटून घड्याळाच्या उलट वळली. सार्डिनियातल्या मायोसीन काळाच्या (सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या) ज्वालामुखी दगडांत ते स्पष्ट दिसतं. जपानचं उदाहरण सर्वांत नाट्यमय: सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी नैर्ऋत्य जपान घड्याळाच्या दिशेने आणि ईशान्य जपान उलट दिशेने वळलं, आणि दोन्हींच्या मागे जपानचा समुद्र उघडला. अमेरिकेत ओरेगनच्या किनाऱ्यावरचे इओसीन काळातले (सुमारे ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वीचे) बेसॉल्ट घड्याळाच्या दिशेने सुमारे ७० अंश, आणि कॅलिफोर्नियाच्या आडव्या डोंगररांगा जवळजवळ काटकोनात वळल्या आहेत. सायप्रसच्या ट्रूडोसमध्येही जवळजवळ काटकोन, पण घड्याळाच्या उलट.

वळायला किती वर्षं लागली, ते कळतं?

एका वयाच्या दगडावरून नाही. त्याने फक्त आपण थिजल्यापासूनची एकूण बेरीज सांगितली. मध्ये जमीन आधी एकीकडे आणि मग परत वळली असेल तर तेही त्यात दिसत नाही. वेगवेगळ्या वयांचे थर मिळाले तर वेग काढता येतो. आणखी एक मर्यादा: ३०० अंश घड्याळाच्या दिशेने आणि ६० अंश उलट दिशेने ही दोन वळणं दगडात सारखीच दिसतात. निवड करताना आजूबाजूचं भूशास्त्र बघावं लागतं.

समुद्रतळावरच्या चुंबकीय पट्ट्या म्हणजे हेच का?

मूळ तत्त्व तेच, मोजण्याची रीत वेगळी. मध्यसागरी पर्वतरांगेवर थिजणारा बेसॉल्ट त्या काळचा सुलट-उलट ध्रुव धरतो आणि दोन्ही बाजूंना सरकत जातो, त्यामुळे पट्टे तयार होतात. हे १९६३ साली फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी मांडलं, आणि त्यासाठी वापरलेली मोजमापं आपल्याच अरबी समुद्रापलीकडच्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवरची होती. १९६२ साली ‘ओवेन’ या ब्रिटिश जहाजाने ती घेतली. त्याच आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून पुढे १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. तिचं मुख्यालय दोना पावलाला आहे.

आता जीपीएस आहे. मग दगड कशाला?

जीपीएस गेल्या काही दशकांची हालचाल मिलिमीटरच्या हिशेबात सांगतं. सहा कोटी वर्षांपूर्वीची सांगत नाही.

आमच्या कॉलेजला हे करून बघायचं आहे. सुरुवात कुठून?

ड्रिलपासून नको. आधी एक डाइक निवडा, तिची रुंदी, रोख, कडेचे बारीक कण आणि मधले मोठे कण यांचा नकाशा काढा. साध्या होकायंत्राने दगडापासून दोन मीटरवर आणि दगडाला टेकवून असं वाचन घ्या. दोन्हींतला फरक तक्त्यात लिहा. जिथे फरक मोठा तिथे वीज पडली असण्याची शक्यता नोंदवा. एका काडीने आणि कागदी तबकडीने सूर्य-होकायंत्र तयार करून त्याचं उत्तर चुंबकीय होकायंत्राशी ताडून बघा. एवढ्यावर एक उत्तम प्रकल्प होतो आणि दगडाला ओरखडाही पडत नाही.

प्रत्यक्ष नमुना घ्यायचा असेल तर परवानगी आधी. सत्तरीचा मोठा भाग म्हादई अभयारण्यात येतो आणि तिथे वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय हातोडाही चालवता येत नाही. किनाऱ्यावर खडपाच्या दर्शनी भागाला भोकं पाडू नयेत. डाइकचा तोच पट्टा बहुतेक वेळा मागे रस्त्याच्या कापात किंवा जुन्या दगडखाणीत सापडतो, तिथून कांडी काढावी आणि भोक त्याच दगडाच्या भुकटीने आणि सिमेंटने बुजवावं. मोजमापासाठी नवी मुंबईजवळच्या पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेसारख्या ठिकाणी तुमच्या विभागप्रमुखांमार्फत पत्र लिहावं. पत्रात कांड्या किती आहेत यापेक्षा त्या किती वेगवेगळ्या डाइकमधून घेतल्या आहेत आणि रोख सूर्यावरून मोजला की काट्यावरून, हे आधी लिहा. तिकडे पहिला प्रश्न तोच येतो.